न उचललेला भंडारा

देवराम सरांची आणि माझी पहिली ओळख शाळेच्या प्रार्थनेत झाली, आणि ती दोघांचेही डोळे उघडे होते म्हणून झाली. मी नुकताच मराठीचा शिक्षक म्हणून रुजू झालो होतो. पहिलाच दिवस. पटांगणावर मुलांच्या रांगा, समोर आम्ही शिक्षक, सगळ्यांचे हात जोडलेले आणि डोळे मिटलेले. माझेही मिटलेले होते, पण नव्या जागी माणूस जरा किलकिले करून बघतोच. तसे मी बघितले, तर शेजारी एक उंच, काटकुळे गृहस्थ हात मागे बांधून टक्क डोळ्यांनी उभे. प्रार्थना संपल्यावर मी जरा घुश्शातच विचारले, "आपण प्रार्थना करत नाही वाटतं?"

"मी देव मानत नाही," ते म्हणाले. "आणि एवढी पोरं उन्हात उभी आहेत. एखादं चक्कर येऊन पडलं तर कोणाला तरी दिसायला नको का? पण तुमचे डोळे कसे काय उघडे होते, महाराज?"

तेव्हापासून त्यांच्या तोंडी मी जो 'महाराज' झालो तो आजतागायत आहे. माझ्या घरी खंडोबा कुलदैवत, रविवारचा उपवास, कपाळी भंडारा. त्यामुळे नाव चिकटायला वेळ लागला नाही. त्यांचे नाव मात्र देवराम. मी म्हणायचो, नास्तिकाने एक तरी देव वगळायचा, तुम्ही दोन दोन नावात घेऊन फिरता. ते म्हणायचे, नाव आजीने ठेवले, त्या वेळी मला कोणी विचारले नव्हते.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे. त्याच्या संपादिका आमच्याच विद्यार्थिनी. त्यांनी मला कळवले, "तुम्ही दोघं शिक्षकांच्या खोलीत आयुष्यभर एकाच गोष्टीवर भांडलात. देव मानणाऱ्याचं आयुष्य अधिक भरलेलं की न मानणाऱ्याचं? तुम्ही त्यावरच लिहा." विषय वाचून मी खूश झालो. सरांना उत्तर द्यायची सोय नाही आणि बोलणारा मी एकटा, असा वादविवाद मला पूर्वी कधी मिळाला नव्हता. पण लिहायला बसलो आणि हात अडला. का अडला ते पुढे येईल. आधी सरांविषयी जे सांगायला हवे ते सांगतो.

विज्ञान शिकवताना सरांचा एकच हट्ट असे. वहीत उत्तर लिहिण्याआधी मुलाने सांगायचे, हे तू स्वतः पाहिलेस की ऐकलेस? ऐकले असेल तर तसे लिहायचे. परीक्षेच्या पेपरात मुले 'असे पुस्तकात म्हटले आहे' असे लिहून यायची आणि बोर्डाचे परीक्षक चक्रावत असतील. शाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता, तो सर स्वतःच्या मुलासारखा सांभाळत, आणि निवृत्तीनंतरही शाळेने तो त्यांच्याच ताब्यात ठेवला. वरच्या वस्तीवरच्या प्राथमिक शाळेतल्या मुलांना तो बघायला मिळत नाही म्हणून महिन्यातून एका शनिवारी टॉवेलात गुंडाळून, छातीशी धरून ते चढ चढून जात. मी एकदा म्हणालो, "पालखी निघाली वाटतं." ते म्हणाले, "हो, आणि हिच्यात खरंच काहीतरी दिसतं."

बेल्ह्याच्या बैलबाजारात त्यांनी केलेला पराक्रम जुन्या मंडळींना आठवत असेल. आपल्याकडे बैल घेताना अंगावरचे केसांचे भोवरे शुभ की अशुभ ते बघतात. एक चांगला धष्टपुष्ट बैल वाईट भोवऱ्याचा म्हणून कोणी घेईना. सरांनी तोच आणला. वर्षभर बैलाने उत्तम काम केले आणि दुसऱ्या पावसाळ्यात तो सर्पदंशाने मेला. गावाला केवढा आनंद! पारावर एकाने विचारलेच, "काय सर, आता काय म्हंता राव भोवऱ्याला?" सर म्हणाले, "सापाला भोवरा कळत असता तर तो बाजारात दलाल झाला असता." पारावर हशा पिकला. पण त्या दिवशी सर गोठ्यात रिकाम्या दावणीपाशी बराच वेळ बसून होते, हे मी पाहिलेले आहे.

नास्तिक म्हणजे कोरडा, असा माझा समज होता. तो माझ्या वडिलांच्या दिवसांत गेला. तेरा दिवस रोज संध्याकाळी सर आमच्या ओट्यावर येऊन बसले. आत पुराण चाललेले असायचे, पापाच्या शिक्षांची वर्णने कानावर पडायची, आणि हे खाली मान घालून ऐकायचे. मी म्हणालो, "सर, तुम्हाला यातलं काही पटत नाही, कशाला त्रास घेता?" तर म्हणाले, "पटत नाहीच. पण तुम्हाला एकटं बसू देणं त्याहून पटत नाही."

सुमनताई, म्हणजे सरांच्या सौभाग्यवती, माझ्यापेक्षाही देवभोळ्या. दर पौर्णिमेला सर त्यांना स्कूटरवर बसवून खंडोबाच्या टेकडीपर्यंत नेत आणि पायथ्याशी चिंचेखाली पेपर वाचत थांबत. त्या खाली आल्या की त्यांच्या हातची पिशवी घेत आणि प्रसादाचे खोबरे तिथेच खाऊन टाकत. मी चिडवले की म्हणत, "खोबऱ्याला धर्म नसतो, महाराज." या दोघांचे देवावरून भांडण झालेले मी कधी ऐकले नाही. भांडण माझ्याशी, संसार त्यांच्याशी, अशी सरांची वाटणी होती.

आता हात जिथे अडला तिथे येतो.

तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. येडगावच्या जलाशयातून आमच्या गावाने उपसा योजना केली होती. एकच पाइपलाइन. तिच्यावर शेताकडे पाणी सोडणारा एक व्हॉल्व्ह. तो बंद असला की पाणी वर चढून वस्तीच्या पिण्याच्या टाकीत पडायचे, उघडला की खाली शेतात. उन्हाळ्यात ठरलेल्या दिवशी तो बंदच ठेवायचा, म्हणजे वस्तीची टाकी भरेल, असा नियम. व्हॉल्व्हच्या पेटीला कुलूप आणि किल्ल्या तिघांकडे: मोटार चालवणारा सोपान, निवृत्तीनंतर योजनेचे सचिव झालेले देवराम सर, आणि समितीचा सभासद म्हणून मी.

त्या साली पाणी कमी होते. एका टाकीच्या दिवशी भर दुपारी कोणीतरी व्हॉल्व्ह उघडला आणि तो उघडाच राहिला. टाकी कोरडी. दुसऱ्या दिवशी ट्रान्सफॉर्मर जळाला, मग दोन दिवस मोटारच बंद. वस्तीवरच्या बायका हंडे घेऊन जलाशयापर्यंत उतरल्या. चढताना हिराबाईंचा पाय घसरला. मांडीचे हाड मोडले. त्या चाळिशीतल्या कामसू बाई. आजही काठीशिवाय त्यांना चालता येत नाही.

वस्ती पेटली. पोलीस नको, तालुका नको, खंडोबापुढे निवाडा करा, असे ठरले. आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे: देवाच्या पायरीवर बेल आणि भंडारा हातात घेऊन बोलायचे. खोटे बोलून भंडारा उचलणाऱ्याचे वाटोळे होते, अशी श्रद्धा. रविवारी सकाळी सगळा गाव टेकडीवर जमला. सोपानने उचलला. मी उचलला. सर पुढे आले आणि म्हणाले, "मी उचलणार नाही."

मग वस्तीवरचे एक म्हातारे म्हणाले, "का वं सर? खरं बोलायला काय भ्या वाटतंय?"

"भीती वाटत नाही, तीच तर अडचण आहे," सर म्हणाले. "माझ्या लेखी ही हळद आहे. ती हातात घेऊन मी काय वाटेल ते बोलू शकतो. तुम्ही समजाल मी शपथ घेतली, आणि मी तर काहीच घेतलेलं नसेल. ही तुमची फसवणूक होईल. व्हॉल्व्ह मी उघडला नाही. एवढं माझं साधं बोलणं ऐका."

"साधं बोलनं कोन ऐकतंय! दोघांनी उचलला, ह्यांनाच तेवढा जड झाला व्हय?"

"चोर सापडला, चला," असे मागून कोणीतरी म्हणाले, आणि गाव टेकडी उतरला.

सरांनी सचिवपद सोडले. वस्तीवरच्या लोकांनी त्यांच्या घरी येणे-जाणे बंद केले. शनिवारी सर सूक्ष्मदर्शक घेऊन चढून गेले तर शाळेत मुलेच नव्हती, घरच्यांनी पाठवलीच नाहीत. पुढच्या महिन्यात ते पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही. संक्रांतीला सुमनताई वाण घेऊन गेल्या तर एका बाईने दारातच सांगितले, "आमच्या टाकीचं पानी पिऊन तुमी वाण वाटता व्हय?" त्या तशाच परत आल्या. सरांनी त्या वेळी कोणाला एका शब्दाने उलट उत्तर दिल्याचे मी ऐकले नाही.

वाचकहो, तो व्हॉल्व्ह मी उघडला होता.

माझा कांदा पोसायला लागला होता आणि एक पाणी कमी पडत होते. अर्धा तास उघडू, कोणाला कळते, असा हिशेब केला आणि उघडला. तेवढ्यात घोडेगावहून बहिणीचा फोन आला, मेहुण्यांना अचानक दवाखान्यात नेले होते. मी तसाच मोटारसायकलला किक मारली. व्हॉल्व्ह आठवला तेव्हा तिन्हीसांज झाली होती.

मग रविवारी भंडारा कसा उचलला, हे कोणीही विचारील. मी तर देव मानणारा. तेच सांगतो. टेकडी चढताना मी मनातल्या मनात खंडोबाशी ठरवून टाकले: देवा, एवढे पदरात घे, अकरा पौर्णिमा अनवाणी येईन, तळी भरीन, अन्नदान करीन. देवाला कबूल करून टाकले म्हणजे देवाचे-माझे मिटले, असे मला खरोखर वाटले. आणि मी हात पुढे केला. अकरा पौर्णिमा मी अनवाणी गेलोही. पायथ्याशी चिंचेखाली पेपर वाचणारे सर माझ्या पायांकडे बघून म्हणायचे, "महाराज, काटे आहेत, सांभाळून."

त्यानंतर घरात कोणाला साधा ताप आला तरी मी रात्र जागून काढायचो. मुलाची नोकरी गेली, मला वाटले भंडारा. पत्नीच्या डोळ्याचे ऑपरेशन बिघडले, मला वाटले भंडारा. मी देवापुढे अधिकाधिक वेळ बसू लागलो आणि लोक म्हणू लागले, मास्तर आता अगदीच विरक्त झाले. खरे सांगायचे तर मी भेदरलेला होतो.

त्याच काळात एका दुपारी सर माझ्याकडे आले होते. वाद घालायचा उत्साह नव्हता. म्हणाले, "महाराज, आज एक कबूल करतो. तुमची सोय बरी आहे. सुमन देवापुढे बसते, रडते, मग उठून भाकरी थापते. माझ्यासमोर कोणी नसतं. मन फार भरून आलं की मी कपाटातली भिंगं पुसतो. सगळी पुसून झाली." मी, त्या दुःखाचा कर्ता, त्यांना म्हणालो, "सर, नामस्मरण करून बघा." आजही हे आठवले की माझी मला शरम वाटते.

तर या लेखात सरांच्या सचोटीविषयी एक परिच्छेद लिहायचा होता. त्यासाठी मला भंडाऱ्याचीच गोष्ट आठवत होती आणि तीच लिहिता येत नव्हती. तीन वेळा कागद फाडले. चौथ्यांदा उठलो आणि सरांच्या घरी गेलो. ते ओट्यावर शेवग्याच्या शेंगा निवडत बसले होते. मी उभ्यानेच सगळे सांगून टाकले.

सरांनी हातातली शेंग खाली ठेवली. म्हणाले, "त्या दिवशी मी एसटीतून उतरून बांधावरून येत होतो. तुमच्या वाफ्यात पाणी उभं दिसलं होतं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. पाणी पाहिलं होतं. तुम्ही उघडताना पाहिलं नव्हतं. जे पाहिलं नाही ते गावापुढे कसं सांगू? रविवारी तुम्हाला बाजूला घेऊन विचारणार होतो. पण तुम्ही भंडारा उचललात." त्यांनी शेंग पुन्हा हातात घेतली. "तेव्हा मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. ते पाणी आदल्या दिवशीचं असेल. मी इतकी वर्षं तसंच धरून चाललो. तुमच्या देवावर माझा विश्वास नाही, महाराज. पण तुम्ही त्याला मानता, यावर होता."

आयुष्यभर 'पाहिलेस की ऐकलेस' असे विचारणाऱ्या माणसाने एकदाच स्वतःच्या डोळ्यांपेक्षा दुसऱ्याच्या श्रद्धेला अधिक मानले, आणि ती श्रद्धा माझी निघाली.

सुमनताई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "मी तेरा वर्षं खंडोबाला विचारत होते, आमच्या वाट्याला हे का? त्याला ठाऊक होतं ते ठीक. पण तुम्हालाही ठाऊक होतं, आणि तुम्ही माझ्या हातचं जेवून जात होता." चहा ठेवून त्या आत गेल्या. मला तो पिता आला नाही.

निघताना मी विचारले, "सर, हे लेखात लिहू?"

"लिहा की," ते म्हणाले. "पण आधी वस्तीवर जाऊन तोंडानं सांगा. पुस्तक कोण वाचतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चढ चढून गेलो. समाजमंदिरापुढे पंधरा-वीस माणसे जमली, त्यांना सांगितले. या वेळी हातात काही घेतले नव्हते. काही जण ओरडले, एक जण अंगावर धावून आला, आणि ते रास्तच होते. हिराबाई कट्ट्यावर काठी आडवी ठेवून बसल्या होत्या. त्या शेवटी बोलल्या.

"मास्तर, माज्या पायाचं जाऊ द्या. त्यो घसरला, तुमी काय ढकलाया आला न्हवता. पन त्या मानसाच्या दारावरनं मी तेरा वरसं तोंड फिरवून गेले. म्या माज्या पोरांना त्याच्याकडं जाऊ दिलं न्हाई. ही लई वंगाळ गोष्ट तुमी माज्या हातनं करवून घेतली. ती कशी फेडू, सांगा."

त्याच दुपारी त्या काठी टेकत उतरल्या आणि सरांच्या ओट्यावर जाऊन बसल्या. काय बोलणे झाले, असे मी मागाहून सुमनताईंना फोन करून विचारले. त्या म्हणाल्या, "काही नाही. दोघं तासभर शेळीच्या खुराच्या दुखण्यावर बोलत बसले होते." आणि फोन ठेवला. पुढच्या शनिवारी वस्तीवरची चार मुले स्वतःहून सरांच्या घरी आली. पंचाहत्तराव्या वर्षी सरांना चढ झेपत नाही, म्हणून सूक्ष्मदर्शक ओट्यावरच मांडला होता.

आता संपादिकांच्या प्रश्नाकडे. मी आजही देव मानतो. माझ्या आईने, सुमनताईंनी, हिराबाईंनी त्याच्या आधाराने जे सोसले ते मी पाहिले आहे, ऐकलेले नाही. पण मी त्या आधाराचा आडोसा केला. ज्यांचे नुकसान केले त्यांना सोडून भलत्याचीच मनधरणी करत बसलो. सरांना ती पळवाट नव्हती. चूक झाली तर ज्याच्या बाबतीत झाली त्याच्यासमोरच उभे राहायचे, एवढा एकच दरवाजा त्यांना होता, आणि म्हणून ते आयुष्यभर माणसांच्या दारात उभे राहिले. कोणाचे आयुष्य अधिक भरलेले, हे सगळ्या आस्तिकांविषयी आणि सगळ्या नास्तिकांविषयी मला सांगता येणार नाही. आम्हा दोघांपुरते सांगता येते, आणि शिक्षकांच्या खोलीतला तो वाद मी इथे छापील अक्षरात हरतो.

परवा मी सरांना विचारले, "तुमचा माझ्यावर पुन्हा विश्वास बसेल का?" दुसरा कोणी असता तर मोठ्या मनाने म्हणाला असता, झाले गेले विसरून जा. सर खोटे बोलत नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, माझ्याकडे नीट बघितले आणि म्हणाले, "पाहू."

सरांचे पाहणे म्हणजे काय असते ते आम्हा सहकाऱ्यांना ठाऊक आहे. त्यात घाई नसते. पुरेसे पाहून झाल्याशिवाय ते वहीत काही लिहू देत नाहीत. माझ्या बाबतीत तर त्यांना फारच वेळ लागणार. म्हणून त्यांचे डोळे शाबूत राहोत, गुडघे कुरकुर न करोत, सुमनताईंची सोबत त्यांना लाभो, आणि शंभरी ओलांडूनही त्यांनी मला पाहत राहावे.